तबल्याची थाप दोनदा का ऐकू येते!

परत तेच! दोन खोल्यांत एकच गाणं एकत्र वाजवणारा माझा प्रोग्राम, रात्री अकराला सगळं मस्त चाललेलं, हॉलमधल्या विंडोज लॅपटॉपवर आणि किचनमधल्या अँड्रॉइड फोनवर एकच गाणं एकाच वेळी वाजतंय, आणि तासाभरात तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू यायला लागली. धि-धिन, धि-धिन. दोन्हीकडे ४८००० हर्ट्झच लिहिलंय, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८००० तुकडे (सॅम्पल), पण ती चाल ठरवणारं प्रत्येक मशीनमधलं क्रिस्टल आपापल्या चालीनं चालतं. दहा लाखांत ५० चा फरक धरला तरी सेकंदाला अडीचच्या आसपास सॅम्पल, म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद! कान लगेच पकडतो.

बफर, म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, वाढव म्हणतात. अरे वाढवला की प्ले दाबल्यावर आवाज यायला उशीर, कमी केला की वायफाय जरा अडखळलं तरी कट-कट-कट. आणि बफरनं ड्रिफ्ट, म्हणजे हे हळूहळू मागेपुढे सरकणं, जात नाही हो, फक्त उशिरा कळतो! त्याला सतत थोडं थोडं रीसॅम्पल करत, म्हणजे सॅम्पलची संख्या किंचित कमीजास्त करत राहावं लागतं, तेही सूर न हलवता. हे एकदाच लिहून भागलं असतं तर तक्रार नव्हती, पण आवाज वाजवायची यंत्रणा प्रत्येकाची वेगळी: विंडोजला वासापी, मॅकला कोअर ऑडिओ, लिनक्सला अल्सा नाहीतर पाइपवायर, अँड्रॉइडला एऑडिओ, आणि प्रत्येकाची लेटन्सी (आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर) सांगायची पद्धत वेगळी, त्यात कुणी ब्लूटूथ स्पीकर लावला की त्या आकड्यावर विश्वासच ठेवता येत नाही. मला दोन खोल्यांत एक थाप एकत्र ऐकायचीये, बास! दोन वाजलेत आणि फोनवरचा तबला अजून मागेच आहे.