मामांचा फॉरवर्ड आणि न चेपणारा पत्रा

"नवी छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. त्याच पैशात नव्वदच्या दशकातली मर्सिडीज घ्या. पत्रा चेपत नाही, जड गाडीच जिंकते, एअरबॅग तेव्हाही होत्या, खर्च सारखाच." मामांनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं, तेही लेकीसाठी गाडी बघत असताना. म्हणून हा खटाटोप.

मामा, आधी तो 'न चेपणारा पत्रा'. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. गाडीचं नाक चेपलं तर तिथे जिरते, नाही तर छाती-मानेच्या वाट्याला येते. नाक चेपावं आणि माणसं बसतात तो पिंजरा ताठ राहावा, ही कल्पना मर्सिडीजच्याच बेला बारेनी या अभियंत्याची. 1951 मध्ये पेटंटचा अर्ज, 1959 मध्ये तशी गाडी बाजारात. फॉरवर्ड जिची आरती ओवाळतोय, तिच्याच कंपनीने ही समजूत केव्हाच मोडीत काढली!

पुरावा हवा? ब्रिटिश टीव्हीवर जुनी व्होल्वो 940 आणि छोटी रेनो मोडस ताशी 40 मैलांनी समोरासमोर, थोडी बाजूला सरकवून आदळवल्या. 'रणगाडा' व्होल्वोचा पिंजरा दुमडून चालकाच्या पायांवर आला. मोडसचा शाबूत राहिला.

वजनाचं अर्धसत्य मान्य, नाइलाजाने. दोन्ही गाड्या एकाच पिढीतल्या असतील तर जड गाडी वरचढ ठरते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेने 2009 मध्ये चिमुकली स्मार्ट आणि मर्सिडीजची जड सी-क्लास एकमेकींवर आदळवून तेच दाखवलं. शिवाय सगळ्या छोट्या गाड्या सारख्या नसतात: ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत टियागोला पाचपैकी 4 तारे (2020), अल्टो के10ला 2 (2023). तारे बघूनच घ्या.

एअरबॅग? तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत एकच, चालकापुरती. चावी फिरवल्यावर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा, दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर बल्ब उडालाय किंवा कोणीतरी तो काढलाय.

खर्च 'सारखाच' म्हणणाऱ्याने पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर मोजलेला दिसत नाही. वायरिंग तर नाहीच. साधारण 1992 ते 95 मधल्या डब्ल्यू124 या मर्सिडीजच्या इंजिन हार्नेसचं, म्हणजे तारांच्या जुडग्याचं, आवरण उष्णतेने तडकतं, तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात, इंजिन मिसफायर करतं, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारं थ्रॉटलचं युनिटही जाऊ शकतं. टेप गुंडाळून भागत नाही, अख्खा हार्नेस बदलावा लागतो. तरीही बघायला जाणारच असाल, तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या, बॉनेट उघडा आणि एक तार हलकेच वाकवा. आवरणाचा भुगा पडला, की किमतीची बोलणी तिथेच थांबवा.