चिपचा क्रमांक जुळला म्हणून माल अस्सल ठरत नाही

‘आता प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच एक वेगळा, नक्कल न होणारा क्रमांक घातलेला असतो, तो जुळला की माल अस्सल’, असा मजकूर सध्या बोर्ड दुरुस्त करणाऱ्या आमच्या मंडळींच्या मोबाइलवर फिरतो आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटा माल घेणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

पहिली गफलत अशी, की ‘वेगळा’ आणि ‘नक्कल न होणारा’ हे दोन निराळे गुण येथे एकच मानले आहेत. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर (छोट्या संगणकासारख्या) मालिकेतल्या चिपमध्ये ९६ बिटांचा वेगळा क्रमांक असतो हे खरे. पण तो कोणताही प्रोग्राम वाचू शकतो आणि जे वाचता येते ते नकली चिपच्या मेमरीत लिहिताही येते. नुसते नाव सांगितल्याने माणसाची ओळख पटत नाही, तसेच हे आहे. खात्री हवी असेल तर चिपच्या पोटात बाहेर न येणारी गुप्त किल्ली हवी आणि दरवेळी नवा प्रश्न टाकून त्या किल्लीने काढलेले उत्तर तपासायला हवे.

यावर काही जण ‘फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन’, म्हणजे जिची नक्कल अशक्य मानली जाते अशी चिपची अंगभूत खूण, पुढे करतात. ही कल्पना खरोखरच देखणी आहे: वीज येताच एसरॅमचा (वीज असेपर्यंतच माहिती धरणाऱ्या मेमरीचा) प्रत्येक कप्पा ट्रान्झिस्टरांमधल्या सूक्ष्म फरकांमुळे शून्याकडे किंवा एककडे झुकतो आणि या झुकावांच्या नक्षीतून किल्ली तयार होते, म्हणजे वीज बंद असताना चोरण्यासारखे आत काही साठवलेलेच नसते. काही कप्पे दरवेळी मत बदलतात, म्हणून चूक-दुरुस्तीची सोय लागते. तरीही ‘अशक्य’ हा शब्द चुकीचा आहे. या तंत्राच्या काही प्रकारांची उत्तरे मशीन लर्निंगने आधीच ओळखता येतात, हे २०१० साली दाखवले गेले. २०१३ साली बर्लिनच्या संशोधकांनी आयनांच्या झोताने दुसऱ्या चिपमध्ये बदल करून एसरॅमची तीच नक्षी उमटवली. तसले यंत्र कुणा गाळेधारकाकडे नसणार, हे मान्य.

सर्वांत मोठा घोळ मात्र वेगळाच आहे. जुन्या बोर्डावरून उपसून, घासून, नवी छपाई केलेली चिप अस्सलच असते आणि तिचा क्रमांकही खरा असतो. तिची फ्लॅश मेमरी (प्रोग्राम साठवणारी, वारंवार लिहून झिजणारी मेमरी) किती झिजली आहे, हे तो क्रमांक सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात मी दहा चिप आणल्या. वर एकच तारीख छापलेली होती, पण ॲसिटोनचा बोळा फिरवताच काळा थर कापसावर आला आणि भिंगाखाली एकाच दिशेचे ओरखडे दिसले. त्या मालिकेच्या क्रमांकात लॉट (कारखान्यातली खेप) आणि वेफरवरची (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात तिच्यावरची) जागा नोंदलेली असते. वाचून पाहिले, तर दहांत पाच निरनिराळे लॉट निघाले. क्रमांक खरे होते म्हणूनच लबाडी उघडी पडली. दुकानदाराने वाद न घालता पैसे परत केले आणि चिप पुन्हा त्याच डब्यात टाकल्या.