कॅमेलियाला ताण सोसत नाही

आमच्याकडे अंगणात नवं झाड दिसलं की येणारा-जाणारा कुंपणावर हात टेकून तीन प्रश्न विचारतो. वास येते का? फळ धरते का? गजऱ्यात चालते का? कॅमेलिया जॅपोनिका या फुलझाडाच्या बाबतीत तिन्हीचं उत्तर जवळपास ‘नाही’ असंच आहे. मग चौथा प्रश्न ओघानेच येतो, “मंग काहून लावलं, भाऊ?” याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कसं लावायचं याचं मात्र आहे, आणि ते मी कोणी न विचारताही सांगतो.

कॅमेलिया म्हणजे चहाची सख्खी बहीण. चहाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस, हिचं कॅमेलिया जॅपोनिका. हे नातं कुणाला सांगू नये. सांगितलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप पानाकडे जातो, आणि झाडाला वर्षाकाठी पानं असतात किती!

बाईंना माती लागते आंबट, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. आपल्या काळ्या रानाचा सामू साडेसात ते साडेआठ, वर चुनखडीचे खडे फुकट. मूठभर सुकी माती बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली की समजायचं, बाई इथे नांदणार नाहीत. यावर “गंधक टाका ना बाप्पा” असा सल्ला हमखास मिळतो. हिशेब करू. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा म्हणजे अंदाजे 250 किलो माती. त्यात 5 टक्के चुना धरला तर साडेबारा किलो. तो संपवायला 4 किलो गंधक लागतं, आणि तेही मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतील तेव्हा, म्हणजे कित्येक महिन्यांनी. तोवर आजूबाजूच्या मातीतला चुना पाण्यासोबत खड्ड्यात मुक्कामाला येतोच. शिवाय उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि हिची मुळं केसासारखी, वरच्या वितीभर थरात पसरलेली. भेगेसोबत तीही तुटतात. तेव्हा जमिनीचा विचार सोडा आणि 12 इंचांची मातीची कुंडी आणा.

कुंडीत रानातली माती चिमूटभरही नको. 4 टोपल्या कोकोपीट घ्यायचं, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, कारण त्यात मीठ असतं. 3 टोपल्या कुजलेला पालापाचोळा, 2 टोपल्या भाताचा तूस आणि 1 टोपली गांडूळखत. भंडारा-गोंदियाकडे तूस ढिगाने मिळतो; कापसाच्या पट्ट्यात त्यासाठी तिकडचा एखादा पाहुणा धरून ठेवावा लागतो. शेणखत नको, त्यातल्या क्षारांनी मुळं जळतात. चुलीची राख तर मुळीच नको. पण घरात एखादी म्हातारी असतेच जी “राख टाकली का कीड लागत नाही” म्हणून पहाटे सगळे झोपेत असताना पदरात राख घेऊन कुंडीपाशी जाते. राख चुन्याचंच काम करते. शास्त्र तिला सांगून उपयोग नाही, कुंडी तिच्या वाटेवरून हलवावी.

रोप लावताना मुळांचा गोळा भोवतालच्या मिश्रणापेक्षा बोटभर वर राहिला पाहिजे. इथे आपली सवय आडवी येते. पिकाला मातीची भर द्यायची हे रक्तातच आहे, त्यामुळे उघडा गोळा दिसला की हात शिवशिवतो. भर दिली की खोडाचा बुंधा कुजतो. संत्र्याला डिंक्या रोग लावणाऱ्या फायटोफ्थोराच्याच खानदानातली बुरशी हे काम करते. वर पांघरूण हवंच असेल तर सोयाबीनचं कुटार दोन इंच पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब, आणि खाली उधई लागली नाही ना ते अधूनमधून उचलून पाहा.

आता पाणी. विहिरीच्या पाण्याने घरातल्या भांड्याला पांढरी खपली धरत असेल, तर तेच पाणी कुंडीतला सामू रोज थोडाथोडा वर नेतं. म्हणून पावसाचं साठवायचं. उन्हाळ्यात रोज 2 लिटर धरले तर 200 लिटरचा ड्रम 1 मार्चला उघडल्यावर 8 जूनला, म्हणजे मृग लागता लागता, रिकामा होतो. इतका चोख हिशेब सहसा जुळत नाही. न जुळण्याचं कारण बहुधा घरातच असतं: नळ आला नाही की ड्रमवर सगळ्यांचा डोळा, आणि “झाडाले पावसाचं पाणी अन् आमाले टँकरचं?” याला उत्तर देणारा माणूस अजून जन्मला नाही. ड्रम संपलाच तर दहा लिटर विहिरीच्या पाण्यात 2-3 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून सामूची पट्टी बुडवायची, 6 च्या आसपास येईपर्यंत चिमटीने वाढवायचं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कधीच घालू नये. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे टाकीतच साठतात.

सावलीचं गणित आणखी फसवं. पुस्तकं सांगतात, उत्तरेच्या भिंतीला ठेवा. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, नागपूरच्या अक्षांशावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा भिंतीला सावलीच नसते, ना उत्तरेला ना दक्षिणेला. आपण घरात पन्ह्याचा पेला धरून बसलेलो आणि बाहेर 45 अंशांत बाईंची पानं कडेने पापडासारखी भाजत असतात. 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी झाडाच्या वर तीन फूट सोडून बांधा. पानांना टेकली तर तीच तापून चटके देते. पश्चिमेला बारदाना टांगून दुपारी दोनदा ओला करा. कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरून ती ओली राखली, तर मुळं माठातल्या पाण्यासारखी थंड राहतात. कोवळं ऊन सकाळी नऊपर्यंत पुरे.

एवढं करूनही शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्याला हे चित्र तोंडपाठ आहे. दुकानात लोहाला धरून ठेवणारं ईडीटीए पुढे करतात, पण सामू साडेसहाच्या वर गेला की त्याची लोहावरची पकड सुटते. लेबलवर ईडीडीएचए पाहून घ्या, ते 9 पर्यंत तग धरतं. 1 ग्रॅम 1 लिटर पाण्यात, संध्याकाळी, मुळाशी. पाणी कुंकवासारखं लाल होतं. ते पाहून कुणी करणी केली म्हणालं, तर तेवढं सोसायचं. खत म्हणून अमोनियम सल्फेट, 10 लिटरला 5 ग्रॅम, महिन्यातून एकदा, जूनअखेर ते ऑगस्ट. पुढे बंद.

आणि मग कळ्या. खरा छळ इथून सुरू होतो. जुलै-ऑगस्टात शेंड्याला गोल, फुगीर कळी दिसते; बाजूची बारीक टोकदार ती पानाची. एका शेंड्याला एकच फुगीर कळी ठेवून बाकीच्या पिळून काढायच्या. उरलेली डिसेंबर-जानेवारीच्या थंडीपर्यंत टिकली पाहिजे, आणि मध्ये उभा आहे ऑक्टोबर. इथे गावचा अनुभव कामाचा नाही, उलट घातकच. संत्र्याला पाणी तोडून ताण दिला की बहार फुटतो. त्यामुळे सांगणारे छातीठोक सांगतात, “ताण देल्ल्याबिगर फूल येते काय?” कॅमेलियाला ताण दिला की कळी गळते. तीही लगेच नाही. सप्टेंबरात पावसाने दडी मारली आणि दोन दिवस कुंडी सुकली, तर तेव्हा काहीच दिसत नाही. कळी हिरवीगार, गुळगुळीत. पुढे काही आठवड्यांनी एका सकाळी पाणी घालताना बोट लागतं आणि ती देठातून अलगद निसटून कुटारावर पडते. नखाने उभी चिरली तर आत पाकळ्यांच्या घड्या, लग्नातल्या पानाच्या विड्यासारख्या नीट घातलेल्या. उलट कुंडी पाण्यात उभी राहिली तरी कळी गळते. तेव्हा बोट पेरभर खुपसा, ओलसर लागलं तर झारी खाली ठेवा.

टिकली तर जानेवारीतल्या एखाद्या गारठलेल्या सकाळी ती उघडते. पाकळीवर पाकळी, इतकी रेखीव की खोटी वाटावी. दव पडलेल्या पाकळ्यांवर ऊन आलं की डाग पडतात, म्हणून आदल्या रात्रीच कुंडी पडवीत घ्यावी. आणि कुंपणाशी येणाऱ्यांवर लक्ष ठेवावं.

“हे पिलास्टिकचं तं नाही ना?” असं म्हणत कोणीतरी पाकळी चिमटीत धरून पाहतोच. पाकळीवर अंगठा आणि बोट, दोन्हींचे ठसे संध्याकाळपर्यंत तपकिरी उमटतात.