स्वीडनच्या बापांना घरी बसवलं ते नियमाने

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. गोषवारा असा: स्वीडनच्या लोकांच्या रक्तातच स्त्री-पुरुष समानता आहे, ती कायद्याने येत नसते, आता तिथे ती शंभर टक्के आली आणि त्यापायी कुटुंबं मोडली, मुलं होईनाशी झाली.

आधी रक्ताचं बघू, कारण हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. तो मान्य केला की आपल्याला करण्यासारखं काही उरतच नाही.

स्वीडिश बायकांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं १९२१ साली, फिनलंड, नॉर्वे आणि डेन्मार्कच्या मागून. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून चढत्या दराने कर लागायचा. बायकोच्या पगारातला मोठा वाटा करातच जायचा, म्हणून तिने घरीच राहावं हा हिशेब घराघरांत पटायचा. १९७१ पासून दोघांचा कर वेगळा झाला आणि तो हिशेब बदलला.

१९७४ मध्ये बाळंतपणाची रजा आई-बाप दोघांची झाली. रक्तातच असतं तर बाप धावत घरी आले असते. त्या वर्षी त्यांनी घेतले एकूण दिवसांपैकी जेमतेम अर्धा टक्का. सरकारने तान्ह्या बाळाला घेतलेल्या धिप्पाड वेटलिफ्टरची पोस्टर लावली, तरी पुरुष आपले दिवस बायकोच्या नावावर करतच राहिले. मग १९९५ मध्ये नियम आला: एक महिना बापाचा, त्याने घेतला नाही तर बुडाला. २००२ मध्ये दुसरा महिना, २०१६ मध्ये तिसरा. आज एका मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ३९० पगाराच्या साधारण ८० टक्के दराने, ठरावीक मर्यादेपर्यंत. पैसे सामाजिक विम्यातून येतात, त्या दिवसांचा पगार मालकाच्या खिशातून जात नाही. आपल्याकडे ही बाजू कुणी सांगतच नाही. बाप आता साधारण ३० टक्के दिवस घेतात.

म्हणजे ७० टक्के अजूनही आईच घेते. बायकांचा पगार सरासरी १० टक्क्यांच्या आसपास कमी आहे. पहिली महिला पंतप्रधान, माग्दालेना अँडरसन, २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. शेजारच्या नॉर्वेत ते १९८१ मध्येच घडलं होतं. याला शंभर टक्के कसं म्हणायचं?

कुटुंबांबद्दल. निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात हे खरं, पण त्यातल्या बहुतेकांचे आई-बाप एकत्रच राहत असतात. अशा जोडप्यांच्या घर-सामानाच्या वाटणीसाठी वेगळा कायदाही आहे. घटस्फोट तिथे बरेच होतात, ते मी नाकारत नाही. पण वेगळं झाल्यावरही एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे असं राहणारी मुलं तिथे पुष्कळ आहेत. एकेकाळी बापाला मूल सांभाळता यायचं नाही, आता येतं, म्हणून हे जमतं.

राहिला मुलांचा प्रश्न. पालकरजा येऊन ३६ वर्षं झाल्यावर, २०१० मध्ये, स्वीडनचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, जवळपास २ होता. नंतर तो घसरला, पण दक्षिण कोरियात तो २०२३ मध्ये ०.७२ होता आणि तिथे घरकामाचा बहुतेक भार बायकांवरच आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर निघाला १.७, त्याच काळातल्या स्वीडनइतकाच. आपल्या इथे तर खासगी नोकरीतल्या बापाला एका दिवसाच्याही पालकरजेचा कायदेशीर हक्क नाही.