माळ्यावरची ८०सी

आयकर विवरणपत्राला एकही कागद जोडावा लागत नाही, याला सवलत समजणाऱ्या भोळ्या करदात्यांपैकी मी नव्हे. जोडायचा नाही याचा अर्थ जपायचा, आणि तोही स्वतःच्या माळ्यावर, बायकोशी वाद घालून.

"अहो, ती ट्रंक रद्दीवाल्याला कधी देणार?" हा प्रश्न आमच्याकडे दर दिवाळीत फराळाच्या आधी येतो. ट्रंकेत विम्याच्या हप्त्यांच्या आणि मुलांच्या फीच्या, म्हणजे आयकराच्या ८०सी कलमाखाली वजावट मिळवून देणाऱ्या, पावत्या आहेत, आणि घरभाड्याच्याही. मी कायदा सांगू लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून, जुने प्रकरण उघडण्याची नोटीस निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचे, कर ठरवण्याचे वर्ष) संपल्यानंतर सर्वसाधारणपणे सव्वातीन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि दडलेले उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. म्हणजे २०२१-२२ मधल्या भाड्याचे निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२३ रोजी संपले, सबब ती पावती ३० जून २०२६ पर्यंत जागची हलणार नाही. "आपले दडलेले ५० लाख कुठे आहेत?" असे हिने विचारले, तेव्हा तिच्या स्वरात शंकेपेक्षा आशाच अधिक होती.

आमचे सीए याहून सावध. डॉक्टर-वकिलांना हिशेबवह्या ६ वर्षे ठेवाव्या लागतात, तेव्हा पगारदाराने पावत्या वर दोन वर्षे धरून आठ वर्षे ठेवलेल्या बऱ्या, असे ते म्हणतात. माळा त्यांचा नसल्यामुळे त्यांना हे औदार्य परवडते. घराच्या कागदांना तर मुदतच नाही, कारण घर विकताना भांडवली नफा काढायचा तर खरेदीखत, मुद्रांक शुल्क आणि वाढीव बांधकामाची बिले दाखवावी लागतात, आणि विकल्यावर पुन्हा ती सव्वातीन वर्षे आहेतच. आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंतचे पैसे रोखीने दिले तरी आरोग्यखर्चाच्या ८०डी कलमाखाली वजावट मिळते. पण त्या पावतीच्या गुळगुळीत कागदावरची शाई दुसऱ्याच उन्हाळ्यात उडाली, आणि आता मी एक कोरा कागद कायदेशीर मुदतीपर्यंत सांभाळतो आहे.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०सी नाही, घरभाड्याची सूटही नाही, हे कळल्यावर हिने ट्रंकेसाठी कुलूप आणले. तो आनंद मी फार टिकू दिला नाही, कारण पगारदाराला दर वर्षी प्रणाली बदलता येते, आणि यंदा आकडेमोडीत जुनीच स्वस्त पडते आहे.