कार्ड हातात होतं, नाव यादीत नव्हतं

बोगस मतदान थांबवायला ओळखपत्राचे नियम कडक करा असं सगळीकडे चाललंय, पण मला खरी अडचण मतदार यादीत दिसते. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. लांब झालंय, वेळ असेल तेव्हा वाचा.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे इलेक्शन ड्युटी आमच्या पाचवीला पुजलेली. 2019 ची लोकसभा, त्याच वर्षीची विधानसभा आणि मग 2024 ची लोकसभा, तिन्ही वेळा मी पोलिंग ऑफिसर नंबर एक होते. म्हणजे दारातून आत आलं की पहिलं टेबल जे लागतं तिथे बसणारी बाई. माझं काम एवढंच, समोरच्या माणसाचं ओळखपत्र बघायचं, यादीत त्याचा नंबर शोधायचा, नाव मोठ्याने वाचायचं म्हणजे मागे बसलेल्या पोलिंग एजंटना, पक्षांच्या माणसांना, ऐकू जातं, आणि लाल पेनने नावाखाली रेघ मारायची, बाई असेल तर बाजूला टिकसुद्धा. मग दुसऱ्या टेबलवर सही आणि शाई, तिसऱ्यावर बटण. दिवसभरात काही शे वेळा हे केल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसते. कार्ड बघायला दहा सेकंद लागतात. बाकी सगळं त्या यादीवर असतं. कार्ड कितीही चकचकीत असू दे, यादीत नाव नसेल तर मी त्या माणसाला आत सोडू शकत नाही, कायदाच तसा आहे.

आणि हे मला ड्युटी लागायच्या आधीच कळलं होतं, आईमुळे.

17 एप्रिल 2014, लोकसभेचं मतदान. तेव्हा आई-बाबा सदाशिव पेठेत राहायचे, लग्न होऊन आई ज्या वाड्यात आली त्याच वाड्यात. तेव्हा तिचं वय 71. सकाळी आंघोळ-पूजा करून, इस्त्रीची साडी नेसून दोघं मतदानाला गेले. बाबांचं नाव होतं. आईचं नव्हतं. एकच घर, एकच दार, एकच लाईट बिल, नवऱ्याचं नाव यादीत आणि बायकोचं गायब. आईच्या हातात तिचं फोटोवालं मतदार कार्ड, ते जुनं ब्लॅक अँड व्हाइट, होलोग्राम लावलेलं. टेबलवरच्या माणसाने सांगितलं, काकू कार्ड बरोबर आहे पण यादीत नाव नाही, आम्ही काही करू शकत नाही. तो चुकीचं बोलत नव्हता हे आज मला कळतं, पण तेव्हा असा संताप आला होता.

पुणेकरांना आठवत असेल तो दिवस. शहरभर हेच झालं होतं, वर्षानुवर्षं मत देणारी माणसं बूथवरून परत फिरली, आंदोलनं झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. पण मला आठवतं ते आईचं घरी येणं. बाबांच्या बोटावर शाई आणि आईचं बोट कोरं, आणि ती दिवसभर डावा हात पदरात घेऊन वावरत होती. शेजारच्यांनी विचारलं तर सांगायला नको म्हणून. काहीतरी आपणच चुकलो असं तिला वाटत होतं. मग तिने परत नाव घालायचा फॉर्म भरला, 6 नंबरचा, जो अठरा वर्षांची मुलं पहिल्यांदा नाव नोंदवायला भरतात तोच. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला नाव आलं तेव्हा तिने शाई लावलेलं बोट मला तीनदा दाखवलं.

म्हणून आत्ता जे सगळीकडे चाललंय ना, ओळखपत्राचे नियम कडक करा, आधार सक्तीचं करा म्हणजे बोगस मतदान थांबेल आणि लोकांचा विश्वास परत येईल, ते वाचलं की वाटतं की आपण कुलूप लावतोय पण चुकीच्या दाराला.

मुळात ओळखपत्र आजही लागतंच. शेषन साहेब मुख्य निवडणूक आयुक्त होते त्या काळात 1993 ला फोटोवाली कार्डं सुरू झाली आणि त्यांनी ती गोष्ट किती लावून धरली हे सगळ्यांना माहितीये. कार्ड जवळ नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनचे कागद, दिव्यांगांचं युनिक कार्ड, अशी बाकीची यादी आयोगाने दिलेली असते, त्यातलं एक दाखवायचं. आणि 2019 पासून नुसती मतदार चिठ्ठी घेऊन आलं तर चालत नाही. म्हणजे टेबलवर कोणीही या, नाव सांगा, मत द्या असं काही नसतं हो. शिवाय मागे प्रत्येक पक्षाचा एजंट त्याच वस्तीतला, तो चेहरे ओळखतो. बोटाला शाई. आणि जे लोक घरी सापडले नाहीत, राहायला गेले किंवा वारले, त्यांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते, त्यातलं कोणी आलं की ओळख जास्तच काटेकोर तपासायची. ज्याचं मत आधीच दुसऱ्याने देऊन टाकलंय त्याच्यासाठीसुद्धा सोय आहे, टेंडर व्होट, कागदी मतपत्रिकेवर, वेगळ्या पाकिटात. तिन्ही ड्युट्या मिळून माझ्या बूथवर असा एकही प्रसंग आला नाही. दुसरीकडे येत असतील, नाही म्हणत नाही. पण नाव नाही म्हणून परत गेलेली माणसं मात्र तिन्ही वेळा बघितली, आणि प्रत्येक वेळी मला आईचा तो पदर आठवला.

आता एक प्रसंग सांगते. 2019 ची विधानसभा, दुपारी अडीच-तीनची वेळ. एक बाई आल्या, चार घरी स्वयंपाकाची कामं करणाऱ्या, एका कामावरून दुसऱ्या कामावर जाता जाता आलेल्या. हातात आधार. आधारवरचं पहिलं नाव वेगळं आणि यादीतलं वेगळं, आडनाव तेवढं तेच. मी नाव वाचलं आणि मागून एक एजंट उठलाच, मॅडम ही ती नाही, चॅलेंज करतो. चॅलेंज करायची फी असते दोन रुपये. त्याने खिशातून दोन रुपयांचं नाणं काढून टेबलवर ठेवलं. टण्ण असा आवाज झाला आणि त्या बाईंचा चेहरा असा उतरला, त्यांना वाटलं हे पैसे आता आपल्याला भरायचेत की काय.

आता यात काय झालं होतं हे आपल्यातल्या कुठल्याही बाईला क्षणात कळेल. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहितात ना, ते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, त्यावरून आधार निघालं, आडनाव तेवढं नंतर बदलून घेतलं. आणि यादीत नाव घालायला जो माणूस घरी आला त्याला सासूने सासरचं नाव सांगितलं. दोन्ही नावं खरी, बाई एकच. आमचे केंद्राध्यक्ष शांत माणूस होते. त्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, यादीतला फोटो बघितला, तो इतका काळा आला होता की कोणाचाही असू शकला असता. मग नवऱ्याचं नाव, घर नंबर विचारला आणि रांगेत त्यांच्या गल्लीतलं कोणी आहे का बघितलं. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, साहेब हिच्या लग्नात मी जेवलोय. संपला विषय. त्या बाईंनी मत दिलं. एजंटनेही नंतर मान खाली घालून नाणं तिथेच सोडलं.

पण विचार करा, तिथे माणसाच्या जागी मशीन असतं तर? आधार जुळत नाही, लाल दिवा, पुढचा या. कितीतरी बायका अशा परत जातील, आणि चॅलेंज कोणी केलं हे सुद्धा त्यांना कळणार नाही, कारण एजंट तरी समोर उभा असतो, त्याला तोंड असतं.

नावाची ही भानगड आजची नाही बरं का. देशाची पहिली यादी तयार झाली, सुकुमार सेन निवडणूक आयुक्त होते, तेव्हा उत्तरेकडे कितीतरी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. अशी जवळजवळ 28 लाख नावं त्यांनी यादीत घेतली नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की बाईने स्वतःच्या नावाने मत द्यावं, आणि ते तत्त्व म्हणून मला पटतं सुद्धा. पण त्या 28 लाख बायकांचं पहिलं मत गेलं ते गेलंच की.

आता दुसरी बाजू, कारण तीही खोटी नाहीये.

माझे बाबा 2020 साली गेले. त्याआधीच आम्ही त्यांना दोघांना पेठेतून सिंहगड रोडला आमच्याकडे आणलं होतं, नावंही इकडे करून घेतली होती. बाबा गेल्यावर मी 7 नंबरचा फॉर्म भरला, मृत्यूचा दाखला जोडला. नाव राहिलं. परत भरला. परत राहिलं. या जानेवारीत, 15 तारखेला, महापालिकेची निवडणूक झाली, 2017 नंतर इतक्या वर्षांनी, त्याच्या आधी एका पक्षाचा मुलगा चिठ्ठ्या वाटायला आला. आईने दार उघडलं. त्याने तीन चिठ्ठ्या दिल्या, माझी, आईची आणि बाबांची. त्या बिचाऱ्याला काय माहिती. आईने बाबांची चिठ्ठी वाचली, पूर्ण नाव, वय सुद्धा आपोआप वाढवलेलं, आणि फाडली नाही, देवघराच्या खणात ठेवली. अजून तिथेच आहे.

तर जे लोक म्हणतात की यादीत मेलेली माणसं आहेत, दोन-दोन ठिकाणी नावं आहेत, ते काही हवेत बोलत नाहीत. 2024 ला लोकसभा आणि विधानसभेच्या मधल्या काही महिन्यांत राज्यात मतदार किती वाढले यावरून रण पेटलं, 1 नोव्हेंबर 2025 ला मुंबईत मोर्चा निघाला. मग राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन स्टार लावले आणि त्यांच्याकडून कुठे मत देणार ते लिहून घ्यायचं ठरवलं. हा स्टारचा प्रकार मला बरा वाटला, खरंच. कारण त्यात नाव कापलं नाही, विचारलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव तिन्ही सेम असलेल्या बायका या शहरात डझनांनी सापडतील, माझ्याच नावाची एक बाई आमच्या शाळेत पालक म्हणून येते. कॉम्प्युटरला आम्ही दोघी एकच. विचारल्याशिवाय कळणार कसं?

माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे, विचारा. नाव कापायच्या आधी दारात जाऊन विचारा. आणि ही काही मी नवीन मागणी करत नाहीये, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 22 व्या कलमात लिहिलंय की पत्ता बदलला किंवा नोंदणीला पात्र नाही म्हणून नाव काढायचं असेल तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची संधी द्यायची. 2014 ला माझ्या आईला कोणी संधी दिली? एक चिठ्ठी आली नाही, एक माणूस आला नाही. ती त्याच वाड्यात होती, दुपारी दार उघडं टाकून गहू निवडत बसायची.

तेलंगणात 2018 च्या विधानसभेला असंच झालं, मतदानाच्या दिवशी हजारोंना कळलं की आपलं नाव नाही, आणि तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली. माफीने मत परत येत नाही. बिहारचं तर ताजंच आहे. जून 2025 मध्ये विशेष पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची नव्याने तपासणी, सुरू झालं, 1 ऑगस्टला कच्ची यादी आली त्यात आधीपेक्षा साधारण 65 लाख नावं कमी. कोणती, का, काही कळायला मार्ग नाही. 14 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही 65 लाख नावं कारणासकट जाहीर करा. आणि यादीत नाव राहावं म्हणून जे कागद मागितले होते त्यात आधार नव्हतं, तेही कोर्टानेच 8 सप्टेंबरला बारावा कागद म्हणून घ्यायला लावलं, आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे हे स्पष्ट करून. यातलं बरोबर-चूक यावर भांडायला लोक बसलेत, त्यांनी भांडावं. मला एवढंच दिसतं की नाव आणि त्याच्यासमोर कारण, मृत, स्थलांतरित, दुबार, हे भिंतीवर लागलं की माणूस स्वतः जाऊन बघू शकतो, बोट ठेवून म्हणू शकतो की अहो मी जिवंत आहे. विश्वास म्हणतात तो इथे तयार होतो. पत्रकार परिषदेत होत नाही.

आणि दारोदार जाऊन यादी तपासायचं हे काम करतं कोण, तर बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर. अंगणवाडी ताई, आमच्यासारखे शिक्षक, पालिकेचे कर्मचारी. स्वतःची नोकरी सांभाळून हजारभर लोकांची दारं वाजवायची, सोसायटीचा वॉचमन आत सोडत नाही, आत गेलं तर आम्ही भाडेकरू आहोत म्हणून दार लावून घेतात. याचं मानधन वर्षाला 6000 होतं, 2025 मध्ये 12000 केलं. महिन्याला हजार रुपये. सगळ्या निवडणुकीचा पाया त्या बाईच्या चपलांवर उभा आहे आणि पक्षांचे लोक उगवतात ते थेट प्रचाराला. बीएलओ आली तर कृपा करून तिला घरात बसवा, पाणी द्या, घरातलं कोण गेलं, कोण लग्न होऊन गेलं ते नीट सांगा.

वेबसाईटवर यादी मिळते, पण ती फोटोसारखी असते, त्यात नाव सर्च होत नाही, एकेक पान डोळ्याने बघावं लागतं. मी आमच्या भागाची सगळी पानं प्रिंट काढून आणलीयेत. येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून बसणार आहे. आजूबाजूच्या सोसायट्या आणि मागच्या वस्तीतले सगळे या. ज्यांचं लग्नात नाव बदललंय त्यांनी दोन्ही नावांचे कागद आणा, दुरुस्तीचा 8 नंबरचा फॉर्म तिथेच भरून टाकू. घरातलं कोणी गेलं असेल तर मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स आणा. मी बाबांचा 7 नंबर तिसऱ्यांदा भरणार आहे. आई म्हणालीये की या वेळी सही ती करणार.