हात झाकणावरून काढा

पॉट रोस्ट हे नावच मुळात फसवं. रोस्ट म्हटलं की कोरड्या आचेवर भाजलेलं मांस डोळ्यांसमोर येतं. इथे पहिली वीस मिनिटं सोडली तर भाजणं औषधालाही नाही. बीफचा अख्खा तुकडा जाड बुडाच्या भांड्यात, थोड्याशा रसात, घट्ट झाकणाखाली तीन-साडेतीन तास मंद शिजत पडलेला असतो. करायचं काय, तर मीठ लावायचं, परतायचं, रस घालायचा, झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाचातली चार कामं कोणालाही जमतात. पाचव्याला भल्याभल्यांची विकेट पडते.

फजितीची सुरुवात बहुधा मांस निवडतानाच होते. चांगलं खायचं म्हणून माणूस मऊसूत, महागातला तुकडा उचलतो आणि तो तीन तास शिजवून त्याचा भुसा करतो. या पदार्थाला लागतो राबलेला भाग: खांद्याचा, ज्याला चक म्हणतात तो. आयुष्यभर शरीराचं ओझं वाहिलेला हा स्नायू कच्चा असताना निबर असतो, पण त्याच्या आतून चरबीच्या जाळ्या आणि पांढरट पापुद्रे गेलेले असतात. त्या पापुद्र्यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. सावकाश शिजताना त्याचं जिलेटिन, म्हणजे मऊ, जेलीसारखं द्रव्य होतं आणि वातड म्हणून हिणवलेला तुकडा तोंडात विरघळतो. मागच्या मांडीचा तुकडा दिसायला देखणा, कापायला सोपा, पण आत चरबी नाही आणि कोलॅजनही बेताचं. त्याचं पॉट रोस्ट होतं, नाही असं नाही. फक्त प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट लागतो.

दीड किलोचा, हाड नसलेला तुकडा सहा जणांना पुरतो. शिजून त्याचं वजन साधारण एक तृतीयांशाने उतरतं, तेव्हा सव्वा किलो आणून आठ जणांना बोलावू नये. तुकडा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला शेपटीसारखा असेल तर दर तीन सेंटिमीटरवर सुती दोऱ्याने आवळून बांधावा. शिजायला लागणारा वेळ वजनापेक्षा जाडीवर ठरतो. न बांधलेल्या तुकड्याची शेपूट चिंध्या होऊन रश्शात पोहत असते, तेव्हा मधला भाग अजून दाताला दाद देत नसतो.

मिठाबद्दल मी जरा कडक आहे. ‘दोन चमचे मीठ’ असं लिहिणाऱ्यांनी कुठला चमचा आणि कुठलं मीठ हेही लिहावं. बारीक मीठ एका छोट्या चमच्यात सहा ग्रॅमच्या आसपास बसतं, भरड पापडीचं मीठ त्याच चमच्यात जवळजवळ निम्मं. म्हणून वजन करावं: दीड किलोला १५ ते १८ ग्रॅम. ते आदल्या रात्री सगळीकडून चोळावं आणि तुकडा ताटलीत, वर काहीही न झाकता फ्रिजमध्ये ठेवावा. (या अख्ख्या प्रकरणात झाकण नको अशी ही एकच वेळ, आणि नेमकं याच वेळी कोणीतरी मायेने वर ताटली पालथी घालतं.) रातभरात मीठ आत उतरतं आणि वरचा थर कोरडा होतो. तो कोरडेपणा पुढे परतताना कामी येतो.

परतण्याच्या वेळी घाई नडते. भांड्यात दोन मोठे चमचे तेल, तेल तापून वर हलक्या लाटा दिसू लागल्या की तुकडा कागदी रुमालाने टिपून आत ठेवायचा. आणि मग चार-पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. तो बुडाला चिकटतो. चिकटला की हातात उलथणं असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो आणि तो खरवडू लागतो. अहो, चिकटू द्या! खरपूस थर नीट धरला की तुकडा बहुतेक आपला आपणच सुटतो. सुटत नाही याचा अर्थ अजून झालेला नाही. तुकडा ओला असेल तर मात्र सगळं मुसळ केरात. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही आणि खमंग तांबूस रंग देणारी प्रक्रिया जोर धरते ती १४० अंशांच्या आसपास. तिचं पहिलं वर्णन मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. ओल्या तुकड्याला यातलं काहीच घडत नाही. तो वाफेत उकडतो आणि जुन्या लादी पुसायच्या फडक्याचा रंग धारण करतो.

परतल्याने मांसाचा रस आत कोंडला जातो, हे मात्र साफ खोटं. एकोणिसाव्या शतकातल्या लीबिश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर ही समजूत चालत आली. खरंखोटं करायला प्रयोगशाळा नको, कान पुरेत. चांगला तांबूस झालेला तुकडा तेलात चुरचुरत राहतो ना? ते चुरचुरणं म्हणजे आतून बाहेर येणारं पाणी. रस कोंडला असता तर भांडं गप्प बसलं असतं. आपण परततो ते चवीसाठी. सगळ्या बाजू धरून वीस मिनिटं, खिडकी उघडी आणि धुराचा भोंगा असेल तर त्याच्याशी आधीच समझोता केलेला.

तुकडा बाहेर काढल्यावर बुडाला जे तपकिरी धरलेलं असतं ते पाहून काही जण भांडं उचलून थेट मोरीकडे धावतात. त्यांना अडवा. पुढच्या रश्शाची निम्मी चव तिथे चिकटलेली आहे. (नॉनस्टिक भांड्यात हे असं धरतच नाही, म्हणून या कामाला ते नको.) एकच बघायचं: रंग तपकिरी आहे की काळा? तपकिरी असेल तर मिरवा. काळा असेल तर कागदाने पुसून नवं तेल घ्या, कारण जळका कडवटपणा साडेतीन तासांत भांडंभर पसरतो आणि मग त्याला साखरही वठणीवर आणू शकत नाही.

त्याच भांड्यात दोन मोठे कांदे जाड चिरून आठ-दहा मिनिटं, सोबत एक गाजर आणि सेलरीचा एक दांडा. मग एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, तिचा लाल रंग विटकरीकडे झुकेपर्यंत दोन मिनिटं. लसणाच्या सहा पाकळ्या अगदी शेवटी, अर्धं मिनिट. मग २५० मिलि रेड वाइन ओतून लाकडी उलथण्याने बूड खरवडायचं. इतका वेळ हात आवरून बसलेल्यांनी इथे हौस भागवून घ्यावी. वाइन आटून निम्मी झाली की ४०० मिलि बिनमिठाचा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी), बे-लीफची दोन पानं, थाइमच्या तीन-चार काड्या. वाइन नको असेल तर स्टॉक थोडा वाढवावा आणि शेवटी एक-दोन छोटे चमचे व्हिनेगर घालावं; आंबटपणाची धार नसेल तर हा पदार्थ गोडसर आणि सुस्त लागतो. स्टॉक बिनमिठाचाच हवा. खारट स्टॉक शेवटी आटवला की त्याचं काय होतं, हे सांगायला नको.

तुकडा परत आत गेला की रस त्याच्या एक तृतीयांश ते निम्म्या उंचीपर्यंत आला पाहिजे. बस. इथे प्रत्येक घरात एक दयाळू माणूस असतो. त्याला उघडं पडलेलं मांस बघवत नाही आणि तो तांब्याभर पाणी घालून ते बुडवतो. बुडालेलं मांस शिजेल, पण रस्सा पुचाट होईल. मांस स्वतःच बरंच पाणी सोडतं. शेवटी झाकण काढाल तेव्हा रस सुरुवातीपेक्षा वर आलेला दिसेल.

भांड्याच्या तोंडावर बेकिंगचा कागद, त्यावर झाकण दाबून, आणि भांडं १५० अंशांच्या ओव्हनमध्ये. ओव्हन अशासाठी की आच चारी बाजूंनी लागते. शेगडीवर करायचं तर सगळ्यात मंद आच, भांड्याखाली एखादा जुना तवा आणि दर पाऊण तासाने तुकडा उलटायचा. रसात सेकंदा-दोन सेकंदाला एखादा बुडबुडा यावा. खदखदायला लागला तर बाहेरचे धागे सुटून कोरडे पडतात आणि मधला भाग जिथल्या तिथे अडून बसतो.

आणि आता गप्प बसायचं.

पहिला तास बरा जातो. घरभर वास सुटलेला असतो, माणसं स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘अरे वा’ म्हणून जातात. दुसऱ्या तासाच्या शेवटी मात्र उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून हजर होतो. झाकण उघडतं. वाफेचा लोट चष्म्यावर. चष्मा पुसून काटा टोचला जातो. काटा बोटाच्या पेराएवढा आत जातो आणि तिथेच थांबतो. ओढला तर काट्याबरोबर अख्खा दीड किलोचा तुकडा वर उचलला जातो, रस ठिबकत राहतो आणि स्वयंपाकघरात दुखवट्याची शांतता पसरते.

इथे कोणीतरी शांतपणे सांगायला हवं की सगळं ठीक चाललंय. मांसाचे धागे साधारण ६० ते ६५ अंशांना आखडतात आणि आतलं पाणी पिळून काढतात. कोलॅजन विरघळायला लागतं ७० अंशांच्या पुढे, तेही रडतखडत. त्याला खरा वेग येतो तो ८० अंश ओलांडल्यावर. म्हणजे मधला बराच काळ असा असतो की धागे आवळलेले आहेत आणि पापुद्रे अजून सुटलेले नाहीत. दुसऱ्या तासाला तुकडा कच्च्या मांसापेक्षाही वातड लागतो तो यामुळे. तो बिघडलेला नसतो, अर्ध्या वाटेवर असतो.

मी मघापासून झाकणाच्या नावाने ओरडतोय खरा, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एकदा उघडल्याने फार काही बिघडत नाही. जाड भांडं आपली उष्णता लवकर सोडत नाही, दहा मिनिटं वाढली की हिशोब जमतो. घात होतो तो उघडल्यानंतर सुचणाऱ्या शहाणपणाने. एक जण म्हणतो, आच वाढवा. दुसरा म्हणतो, पाणी घाला. तिसरा म्हणतो, मांसच जुनं दिसतंय, बाहेरून काहीतरी मागवू. हे तिघं एकाच घरात असतील तर भांड्याला कुलूप लावण्याचा विचार करावा.

थर्मामीटरवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. तक्त्यात ७१ अंशांपुढे ‘पूर्ण शिजलेलं’ असं लिहिलेलं असतं. ते स्टेकसाठी खरं. इथे ७१ अंशांना बूट चावल्याचा आनंद मिळेल. तुकड्याच्या मध्यभागी ९३ ते ९६ अंश दिसायला हवेत, आणि तेही शेवटचं प्रमाण नव्हे. शेवटचं प्रमाण काट्याचं: सगळ्यात जाड जागी खुपसून अर्धा वळसा द्यायचा. मांस कुरकुर न करता वळलं तर झालं. नाही वळलं तर आणखी वीस मिनिटं.

बटाटे आणि खायची गाजरं शेवटच्या तासात, चार-पाच सेंटिमीटरच्या मोठ्या फोडी करून. पहिल्यापासून घातली तर गाजराची खीर होते. बटाट्याचं उलटंही होतं: रस्सा आंबट असेल तर तो शिजता शिजत नाही, कारण आंबटात त्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. तसं दिसलं तर वेगळा उकडून शेवटी मिसळावा. कोणी पोलिसात देत नाही.

प्रेशर कुकरमध्ये होतं का? होतं. आत १२० अंशांच्या आसपास पोहोचतं, त्यामुळे एवढा तुकडा तास-सव्वा तासात शिजतो. पण वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून फस्सकन सोडली की आतला रस एकदम उकळून बाहेर पडतो आणि मांस कोरडं होतं. रस्साही पातळ राहतो, कारण आटायला वावच नसतो. तो नंतर उघड्या भांड्यात आटवावा.

तुकडा शिजला की त्याच रसात वीस-तीस मिनिटं तसाच ठेवायचा. मग तो बाजूला काढून वर तरंगणारी चरबी डावाने काढावी, रस गाळून आटवावा. हवं तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर दोन चमचे गार पाण्यात कालवून घालावं. मीठ आत्ता चाखायचं, आधी नाही. कापताना आणखी एक चकवा आहे. खांद्याच्या तुकड्यात तीन-चार स्नायू एकमेकांना बिलगलेले असतात आणि प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेने जातात. आधी त्यांच्या सांध्यांवर हाताने सुटे करावेत, मग प्रत्येकाचे काप धाग्यांच्या आडवे. उभे कापले तर साडेतीन तासांच्या तपश्चर्येनंतरही दातांत दोरे अडकतात.

खरं तर तो त्या दिवशी खाऊच नये, पण हे वास सुटलेल्या घरात सांगायची माझी हिंमत नाही. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवलं (जाड भांडं तसंच ठेवलं तर मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतं, ते धोक्याचं) की सकाळी वर चरबीची पांढरी चकती जमते, अलगद उचलता येते. खाली रस्सा थरथरत असतो, चमचा उभा राहील इतका. हेच ते जिलेटिन. गार तुकड्याचे काप सुबक पडतात. ते त्याच रस्श्यात, मंद आचेवर, झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम करावेत. तीन-चार दिवस टिकतं, म्हणजे टिकू शकतं.

उरलं भांडं. बूड बघावं तर लख्ख, कारण तिथलं सगळं खरवडून पोटात गेलेलं. पण कडेला, रस जिथपर्यंत आला होता तिथे, काळं कडं पक्कं बसलेलं असतं. त्या रेषेच्या वर येईल इतकं पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळलं की ते सुटतं. आत काय चाललंय ते बघायला या वेळी एकही जण येत नाही.